भाड्याचं घर आणि मोकळी जमीन: घेण्याआधी महिन्यांत हिशेब कसा करायचा

गुंतवणूक म्हणून घर बघायला निघालेला माणूस आधी किंमत विचारतो, मग भाडं विचारतो, आणि बाराने गुणून भागाकार केला की त्याला वाटतं हिशेब झाला. जमिनीच्या बाबतीत तर एवढंही होत नाही. "दहा वर्षांपूर्वी इथे काय भाव होता माहीत आहे का?" हा एकच प्रश्न ऐकून लोक विसार देऊन मोकळे होतात. दोन्हीकडे हिशेबातून एकच गोष्ट सुटते, ती म्हणजे वेळ. घर रिकामं पडतं तो वेळ, दुरुस्तीला जाणारा वेळ, जमीन काहीही न कमावता पडून राहते ती वर्षं. म्हणून मी हिशेब पैशांत मांडत नाही, भाड्याच्या महिन्यांत मांडतो. एका महिन्याचं भाडं म्हणजे एक माप. किंमत, खर्च, हप्ता सगळं याच मापाने मोजलं की चित्र लगेच स्वच्छ होतं.

पायरी १: बारा महिन्यांतले हातात किती उरतात?

समजा, घराची किंमत २४० महिन्यांच्या भाड्याएवढी आहे. वर्षाला १२ महिने भाडं, म्हणजे ५ टक्के. विकणारा आणि दलाल दोघंही हाच आकडा सांगतात, आणि तो खोटा नसतो. पण हे घराचं भाडं झालं, तुमचं उत्पन्न नव्हे.

आता वजा करत जा. दोन भाडेकरूंच्या मधला काळ, रंगरंगोटीचे दिवस, नवा माणूस मिळेपर्यंतची वाट, हे सगळं धरून वर्षाला सरासरी एक महिना रिकामा धरा. किरकोळ दुरुस्त्या आणि पुढच्या मोठ्या खर्चासाठी बाजूला ठेवायची रक्कम मिळून आणखी एक महिना. कर, विमा, इमारतीची देखभाल यांत दीड महिना. दलाली, करारनामा, साफसफाई यांत अर्धा. चार महिने गेले, आठ उरले. ८ भागिले २४०, म्हणजे ३.३ टक्के. खरेदीच्या वेळी मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, दलाली मिळून किमतीच्या ८ टक्के गेले असं धरलं तर तेही साधारण १९ महिन्यांचं भाडं होतं. म्हणजे तुमचे गुंतले २५९ महिने आणि उत्पन्न झालं ३.१ टक्के. उत्पन्नावरचा कर अजून भरायचाच आहे.

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या घराला तुमचे लावा. मात्र एकही ओळ शून्य ठेवू नका. "मला लगेच भाडेकरू मिळतो" असं म्हणणाऱ्यालाही कधीतरी तीन महिने घर बंद ठेवावं लागतं.

रिकाम्या महिन्याची किंमत लोक फार कमी धरतात. एक महिना रिकामा गेला की वर्षाच्या भाड्यातले ८.३ टक्के गेले. वेळेवर भाडं देणाऱ्या भाडेकरूकडे तुम्ही ५ टक्के वाढ मागितली, तो सोडून गेला आणि घर एक महिना रिकामं राहिलं, तर नव्या माणसाने ती ५ टक्के वाढ दिली तरी तो एक महिना भरून यायला २० महिने लागतात. एवढ्यासाठी चांगला भाडेकरू घालवायचा का, याचं उत्तर मी तरी बहुतेक वेळा "नाही" असंच देतो.

पायरी २: कर्ज घेणार असाल तर हप्ताही याच मापाने मोजा

वरच्याच घरासाठी किमतीच्या ७५ टक्के कर्ज घेतलं, तर ते झालं १८० महिन्यांचं भाडं. व्याज ९ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली, तर वर्षाचा हप्ता सुमारे १९.४ महिन्यांच्या भाड्याएवढा बसतो. घर तुम्हाला देतंय आठ. उरलेले ११.४ महिने दरवर्षी तुमच्या पगारातून जाणार. पहिल्या वर्षीच्या हप्त्यांपैकी सुमारे १६ महिन्यांचं भाडं नुसत्या व्याजात जातं, मुद्दल फिटतं जेमतेम साडेतीन महिन्यांएवढं.

व्याजदर बदलता असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. दर ९ वरून १० टक्क्यांवर गेला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर कर्जाची मुदत २० वरून २६ वर्षांच्या पुढे जाते. हप्ता वाढला नाही म्हणून आपल्याला कळतही नाही.

कर्जाचा हप्ता घराने स्वतः भरावा अशी अपेक्षा असेल, तर या उदाहरणात कर्ज ७४ महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, म्हणजे किमतीच्या साधारण ३१ टक्के. त्याहून जास्त घेतलंत तर तुमची सगळी भिस्त पुढे किंमत वाढण्यावर आहे. ती वाढेलही. पण मग निर्णय घेताना तसं स्वतःला स्पष्ट सांगा, आणि सहा महिन्यांचे पूर्ण हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय सही करू नका.

पायरी ३: घर दोनदा बघा, एकदा जोरदार पावसानंतर

पहिल्या भेटीत दाखवणारा माणूस तुम्हाला खिडकीतला उजेड दाखवतो. दुसऱ्या भेटीला, जोरदार पाऊस होऊन गेल्यावर, तुम्ही तुमच्या वेळेने जा. सकाळी, सगळी इमारत पाणी वापरत असताना, स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा नळ एकदम सोडा आणि धार किती पडते ते पाहा. सिंकखालचं कपाट उघडून आत हात फिरवा. भिंतीवर पांढरी खारट पूड आली असेल तर पाणी आतून येतंय. सगळी खोली जुनी आणि एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला, तर त्या कोपऱ्यात काय झालं होतं ते विचारा. आणि खालच्या मजल्यावरचं दार वाजवून, नम्रपणे, त्यांच्या न्हाणीघराचं छत बघू द्याल का असं विचारा. बहुतेक जण दाखवतात, आणि पाच मिनिटांत तुम्हाला विकणाऱ्याकडून कळली नसती अशी माहिती मिळते.

मी पहिलं घर घेतलं तेव्हा हे दार वाजवलं नव्हतं. भाडेकरू राहायला येऊन चार महिने झाले आणि खालच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या छतावर तळहाताएवढा ओला डाग होता. प्लंबरने आधी नळाचे सांधे बदलले, डाग वाढत गेला. मग नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीला, बोळा लावून न्हाणीघरात दोन बोटं पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाणी अर्ध्याहून खाली गेलं होतं आणि खालचा डाग ताटाएवढा झाला होता. म्हणजे दोष पाइपमध्ये नव्हता, लादीखालचं वॉटरप्रूफिंगच गेलं होतं. सगळी लादी फोडावी लागली. एकुलतं एक न्हाणीघर बंद पडल्यावर भाडेकरू कुटुंब कसं राहणार? ते दुसरीकडे गेले, आणि जाताना चांगुलपणाने गेले. कामाला दीड महिन्याचं भाडं लागलं. घर मात्र अडीच महिने रिकामं राहिलं. दुरुस्तीपेक्षा रिकामपण महाग पडलं, आणि महिन्यांत हिशेब करायची सवय मला तिथून लागली.

पाणी भरून बघायची ही चाचणी खरेदीआधीच करता येते. एक दिवस घराची किल्ली मागा. जो विकणारा एक दिवस देत नाही, त्याच्या घराबद्दल मला शंका येते.

पायरी ४: भाडेकरू निवडताना घाई करू नका

रिकाम्या महिन्याची भीती दाखवली म्हणून पहिल्या येणाऱ्याला किल्ली द्यायची नाही. भाडं थकवणारा माणूस घर अडवून बसला, तर तो रिकाम्या घरापेक्षा जास्त महिने खातो.

भाडं कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या एक तृतीयांशापर्यंत असावं, हा जुना आडाखा आजही उपयोगी आहे. संदर्भ मागताना आत्ताच्या घरमालकापेक्षा त्याच्या आधीच्या मालकाशी बोला. आत्ताच्या मालकाला भाडेकरू नकोसा झाला असेल तर तो तोंडभरून कौतुक करेल. आधीच्याला खरं बोलायला काहीच अडचण नसते. "त्यांना पुन्हा घर द्याल का?" एवढा एकच प्रश्न विचारा आणि उत्तराआधी ते किती थांबतात ते ऐका.

जात, धर्म, खाणंपिणं, एकटी बाई आहे की कुटुंब, यावरून माणूस नाकारणं अन्यायाचं आहे आणि पुष्कळ ठिकाणी बेकायदेशीरही. भाडं वेळेवर येईल का याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

पायरी ५: किल्ली देतानाचा अर्धा तास

करार नोंदवा किंवा तुमच्या भागात जो रीतसर मार्ग असेल तो पूर्ण करा. अनामत किती, ती कधी आणि काय कापून परत मिळणार, भाडं कोणत्या तारखेला, वाढ किती आणि कधी, सोडण्याआधी किती दिवसांची सूचना, कोणती दुरुस्ती कोणाची, हे सगळं लिहा. वापराने होणारी झीज आणि मोडतोड यांतला फरकही लिहा. भिंतीचा रंग फिका पडला तर ती झीज, दाराला भोक पडलं तर मोडतोड.

मग भाडेकरूबरोबर घरभर फिरून दोघांच्या देखत व्हिडिओ काढा. प्रत्येक खोली, फरशीवरचे जुने ओरखडे, मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या. दोघांच्या फोनवर तो ठेवा. अनामतीवरून होणारी बहुतेक भांडणं इथेच संपतात.

पायरी ६: भाडं थांबलं तर

तारीख उलटून पाच दिवस झाले की फोन करा आणि कारण ऐकून घ्या. माणसाची नोकरी जाते, घरात आजारपण येतं. दोन हप्त्यांत देण्याची मुभा द्यायची असेल तर द्या, पण ती लेखी. पंधरा दिवसांनी काही हालचाल नसेल तर कराराप्रमाणे लेखी सूचना. दुसरा महिना चुकला की वकील. वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं यातलं काहीही करू नका. तो गुन्हा ठरू शकतो, आणि कोर्टात बाजू तुमची असूनही तुम्ही आरोपी होता. रीतसर मार्गाने ताबा मिळायला वेळ लागतो, कधी वर्षंही. सहा हप्ते बाजूला ठेवा असं वर लिहिलं ते याचसाठी.

पायरी ७: जमिनीचा हिशेब वेगळा मांडा

मोकळ्या जमिनीला भाडेकरूंची कटकट नसते, म्हणून ती सोपी वाटते. पण ती दर महिन्याला शून्य देते आणि कर, कुंपण, राखण, फेऱ्या यांत थोडं थोडं घेत राहते. तुमचे पैसे दुसरीकडे ९ टक्क्यांनी वाढले असते तर आठ वर्षांत दुप्पट झाले असते. म्हणजे जमीन आठ वर्षांत दुप्पट झाली तर तुम्ही कमावलं काहीच नाही, फक्त बरोबरी साधली. सांभाळण्याचा खर्च वर्षाला १ टक्का धरला, तर बरोबरीलाही दुपटीहून जास्त व्हावं लागतं. "पाच वर्षांत दीडपट झाली" हे ऐकायला छान वाटतं, पण त्याच दराने मुदत ठेवही तेवढीच झाली असती.

म्हणून जमीन त्याच पैशांनी घ्या ज्यांची दहा-पंधरा वर्षं गरज पडणार नाही. कर्ज काढून मोकळी जमीन घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. हप्ता दर महिन्याला येतो आणि जमीन एका महिन्यालाही काही देत नाही.

पायरी ८: नोंदणी झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही

जगात जमिनीच्या नोंदींच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. एकीत सरकार दस्त नोंदवून ठेवतं, पण तो दस्त करून देणाऱ्याला विकायचा हक्क होता की नाही याची हमी देत नाही. दुसरीत नोंदवहीतली मालकी हीच अंतिम मानली जाते आणि तिची हमी राज्य घेतं. ही दुसरी पद्धत रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू केली आणि पुढे ती बऱ्याच देशांत गेली. तुमची जमीन कोणत्या पद्धतीत बसते, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न. पहिल्या पद्धतीत असेल तर नोंदणीकृत खरेदीखत हा एका व्यवहाराचा पुरावा आहे, त्यामागची अख्खी साखळी तुम्हालाच तपासावी लागते.

साखळी म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे आणि कशी आली. किमान ३० वर्षांचा इतिहास बघून घ्या. मालक वारला असेल तर वारस किती, सगळ्यांच्या सह्या आहेत का? परगावी गेलेली बहीण, अज्ञान (म्हणजे अजून सज्ञान न झालेलं) मूल, दुसऱ्या लग्नाची मुलं ही नावं हमखास राहून जातात. सामाईक जमिनीतला न वाटलेला हिस्सा घेतला तर नेमकी कोणती जागा तुमची हे कोणीच सांगू शकत नाही. त्यावर गहाण, बोजा, कोर्टात दावा आहे का, सरकारी संपादनाची काही नोंद आहे का, आणि त्या जमिनीवर घर बांधायला परवानगी मिळते का, हे वकिलाकडून लेखी घ्या. वकील तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

पायरी ९: हद्द पायांनी चाला

कागद स्वच्छ निघाले तरी जमीन जागेवर तपासायची असते. मोबाईलच्या नकाशावरची रेघ बघून समाधान मानू नका. फोनमधलं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही साधारण ५ मीटर इकडेतिकडे होतं. ३० बाय ४० मीटरच्या जागेत ३० मीटरची बाजू ५ मीटर आत सरकली तर १५० चौरस मीटर गेले, म्हणजे जागेचा आठवा हिस्सा.

एक जागा मला मनापासून आवडली होती. कुंपण जुनं, रस्ता दारापर्यंत, शेजारी चांगले. भूमापकाला घेऊन गेलो. त्याने यंत्र लावलं, दोन कोपरे जुळले, तिसरा जुळेना. बराच वेळ शोधल्यावर करवंदीच्या जाळीत हद्दीचा दगड सापडला, कुंपणापासून तीन मीटर आत. पण मोठी गोष्ट पुढे निघाली. ज्या कच्च्या रस्त्याने आम्ही गाडी घेऊन आलो होतो, त्याचा चार मीटर रुंदीचा पट्टा शेजाऱ्याच्या मालकीचा होता. शेजारी सज्जन होते. "वापरा की, कोण अडवतंय?" असं म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. पण त्यांच्या मुलांनी उद्या ती जमीन विकली, तर नवा मालक असंच म्हणेल याची खात्री कोण देणार? येण्या-जाण्याचा लेखी, नोंदवलेला हक्क मिळाल्याशिवाय मी पुढे गेलो नाही. त्या दस्तात रुंदी, अवजड वाहन नेण्याची मुभा, पाण्याची आणि विजेची लाइन टाकण्याचा हक्क आणि तो पुढच्या मालकांवरही बंधनकारक राहील हे सगळं लिहून घेतलं. सात महिने गेले. तेवढे दिवस थांबता आलं, कारण विसार पावतीतच "रस्त्याचा नोंदणीकृत हक्क आणि मोजणी झाल्यावर खरेदीखत, न झाल्यास पूर्ण विसार परत" असं लिहिलेलं होतं. विसार देण्याआधी ही ओळ लिहून घ्या, नंतर कोणी लिहून देत नाही.

चालताना पाण्याकडेही लक्ष असू द्या. वरच्या बाजूचं पाणी कुठून वाहून जातं, ते तुमच्या जागेतून जातं का? झाडांच्या बुंध्यावर चिखलाची रेघ असेल तर तिची उंची मोजा. "हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता असा आहे, आणि ३० वर्षांच्या काळात तीच २६ टक्के होते.

मातीसाठी हातभर खोल खड्डा खणा. कोरड्या दिवसांत रुंद भेगा पडणारी चिकण माती पाण्याने फुगते आणि सुकली की आक्रसते, त्यामुळे पायाचा खर्च वाढतो. सांडपाण्याची लाइन नसेल तर तोच खड्डा रात्रभर पाण्याने भिजवून सकाळी पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. पाणी तसंच उभं राहिलं तर तिथे शोषखड्डा चालणार नाही, आणि ही गोष्ट किंमत ठरवताना बोलायची आहे.

पायरी १०: घेतल्यानंतर जमीन विसरू नका

कुणी तुमच्या जागेत उघडपणे, सलग, मालकासारखा राहिला किंवा ती कसत राहिला तर काही वर्षांनी त्याला हक्क सांगता येतो. इंग्लिश कायद्यावर बेतलेल्या बऱ्याच कायद्यांत ही मुदत १२ वर्षांची आहे. शेजाऱ्याने कुंपण एक हात आत सरकवलं तरी सुरुवात तीच असते. म्हणून कोपऱ्यांवर पक्के खांब रोवा, वर्षातून किमान दोनदा जा, चारही कोपऱ्यांचे तारखेसकट फोटो काढा आणि कर स्वतःच्या नावाने वेळेवर भरा. कोणाला गुरं चारायला किंवा पीक घ्यायला द्यायची असेल तर ती मुदतीची परवानगी लेखी द्या आणि दर वर्षी नव्याने करा.

विकायची वेळ येईल तेव्हा गिऱ्हाईक आठवड्यात मिळेल असं धरू नका. मी किमान वर्षभराची तयारी ठेवतो. मोजणीचा नकाशा, रस्त्याच्या हक्काचा दस्त, सगळ्या वर्षांच्या कराच्या पावत्या आणि ते फोटो एका फायलीत लावून ठेवा. मी तुम्हाला विचारायला सांगितलेले हेच प्रश्न घेऊन तो माणूस तुमच्याकडे येणार आहे.